गाडी वडिलांची, ॲप मुलाच्या मोबाईलवर

पत्र: ‘मी बँकेतून निवृत्त, वय ६८, राहणार जुळे सोलापूर. दिवाळी पाडव्याला नवी गाडी घेतली. पैसे माझ्या फंडातले, आरसी माझ्या नावावर. पण बुकिंगला पुण्याहून मुलगा आला होता. शोरूममध्ये सगळे फॉर्म त्यानंच भरले, मोबाईल नंबर त्याचा दिला, ओटीपी त्याच्याच फोनवर आले. आता गाडीचं ॲप त्याच्याकडे. नवी पेठेत मिठाईच्या दुकानासमोर गाडी लावली (मला साखर आहे) की फोन येतो, “बाबा, तिथं काय करताय?” परवा मोहोळच्या पुढे काटा १०५ वर गेला, लगेच फोन. सौभाग्यवती त्याच्याच बाजूनं. शोरूमवाले म्हणतात, तीन वर्षं सगळं फ्री, पुढे दर वर्षी पैसे भरायचे. गाडी मी विकत घेतली, मग हे भाडं कशाचं? शेजारचे एकजण सांगतात की ही सगळी माहिती इन्शुरन्सवाल्यांकडे जाते आणि हप्ता वाढतो, त्यापेक्षा सिमची वायरच कापून टाका. कापू का? मुलाला दुखवायचं नाही. तो मायेपोटी करतो हे मला कळतं.’

काका, सप्रेम नमस्कार.

१०५ च्या बाबतीत मी तुमच्या मुलाच्या बाजूची आहे, हे आधीच सांगून टाकते. मोहोळच्या त्या पट्ट्यात ऊस हंगामात मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या कशा उभ्या असतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. तिथं ऐंशी पुरे.

बाकी पत्रात तुम्ही कंपनीवर जास्त रागावलात आणि मुलावर कमी. मी उलट्या क्रमानं जाणार आहे. कंपनीच्या सर्व्हरवर तुमची काय माहिती साठते ते गंभीर आहेच, पण रोज दुपारी तुम्हाला टोचतं ते सर्व्हर नव्हे, पुण्याहून येणारा फोन. आणि तो प्रश्न या आठवड्यात सुटण्यासारखा आहे.

आधी गाडीत नेमकं काय बसवलंय ते. डॅशबोर्डच्या आत एक छोटं यंत्र असतं. त्यात फोनमध्ये असतं तसं सिम असतं, पण ते बहुतेक वेळा यंत्रातच पक्कं बसवलेलं, काढून बदलता न येणारं. सोबत जीपीएस. हे यंत्र गाडीच्या इतर कॉम्प्युटरशी जोडलेलं असल्यामुळे वेग किती, ब्रेक किती जोरात दाबला, दार उघडं आहे का, बॅटरी किती, टायरमध्ये हवा किती, गाडी कुठं उभी आहे, हे सगळं त्याला कळतं आणि ते कंपनीच्या सर्व्हरला कळवतं. ॲप गाडीशी थेट बोलत नाही, सर्व्हरशी बोलतं. आणि सर्व्हर माणूस ओळखतो तो ओटीपी ज्या नंबरवर गेला त्या नंबरवरून. त्यामुळे आरटीओच्या लेखी मालक तुम्ही, सर्व्हरच्या लेखी मालक तुमचा मुलगा.

याचा अर्थ तो फक्त तुम्हाला बघतो एवढाच नाही. गाडीच्या मॉडेलप्रमाणे पुण्यात बसून तो दार उघडू शकतो, एसी चालू करू शकतो, हॉर्न वाजवू शकतो, अमुक हद्दीबाहेर गाडी गेली की सूचना लावू शकतो. मागच्या प्रवासांची यादीही त्याच्याकडेच. उद्या तुम्हाला यातलं काही बदलायचं असलं तर तुम्हालाच त्याची परवानगी लागेल. तुमच्या पैशाच्या गाडीत तुम्ही पाहुणे झालात ते असे. त्यात मुलाचा डाव काही नसणार. डिलिव्हरीच्या दिवशी सेल्समनला घाई असते, पेढे, हार, नारळ, फोटो, आणि त्या गडबडीत जो माणूस फोन पटकन अनलॉक करतो त्याच्या नावानं खातं निघतं. घरातल्या तरुण माणसाचा फोन पुढे जातो. आपल्या शहरात निम्म्या नव्या गाड्यांचं असंच झालं असेल, असा माझा आपला अंदाज.

तेव्हा पहिलं काम: खातं तुमच्या नंबरवर आणा. आरसीची प्रत आणि ओळखपत्र घेऊन शोरूमला जा. सेल्समनला धरू नका, त्याचं काम गाडी विकल्यावर संपतं. सर्व्हिस विभागात कनेक्टेड सेवा बघणारा माणूस कोण ते विचारा. जुनं खातं काढून तुमच्या नंबरवर नव्यानं नोंदणी करायची आहे, एवढंच सांगा. मुलानं स्वतःच्या ॲपमधून खातं सोडलं तर काम लवकर होतं, म्हणून त्याला आधी सांगणं बरं. नवा पिन तुम्ही ठरवा, आणि तो जन्मसाल नको. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला हे सांगावं लागू नये, पण मी पाहिलंय की बँकवालेच जन्मसाल ठेवतात.

खातं तुमचं झालं की बऱ्याच ॲपमध्ये तुम्हाला दुसऱ्या माणसाला मर्यादित परवानगी देता येते. मुलाला ती जरूर द्या. गाडीची हवा, बॅटरी, सर्व्हिसची तारीख त्याला दिसू दे, त्याला तेवढीच काळजी वाटत असेल तर ती मिटेल. लोकेशन आणि वेगाच्या सूचना मात्र तुमच्या हातात ठेवा.

मुलाला काय सांगायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पत्राचं शेवटचं वाक्य तेच विचारतंय. ‘तू माझ्यावर पाळत ठेवतोस’ असं म्हटलंत तर तो दुखावेल आणि सौभाग्यवती दोन दिवस तुमच्याशी बोलणार नाहीत. त्याऐवजी काहीतरी द्या. सांगा, ‘अरे, गाडीची चावी माझ्याकडे आहे तसं ॲपही माझ्याकडे असू दे. लांब निघालो की मीच तुला लोकेशन पाठवीन.’ आणि खरंच पाठवा. व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तासांसाठी देता येतं. पुण्याच्या अडीचशे किलोमीटरला आठ तासांचं लावलंत की तुम्ही इंदापूरला चहाला थांबलात तेही त्याला दिसेल. आठ तासांनी ते आपोआप बंद होतं, आधी पोचलात तर तुम्हीच बंद करा. अक्कलकोटला जाऊन यायचं असेल तरी तेच. फरक इतकाच की बटण तुम्ही दाबलेलं असेल. मिठाईचं काय ते तुम्ही आणि तुमचे डॉक्टर बघा. साखरेची देखरेख करायला गाडीचं जीपीएस नको, तीन महिन्यांची रक्ततपासणी पुरते.

एक बारीक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. शोरूममध्ये मुलाचा नंबर दिला तो फक्त ॲपला दिला नाही. फास्टॅगला, विम्याला आणि आरसीलाही तोच गेला असण्याची दाट शक्यता आहे. म्हणजे ॲप बंद केलंत तरी सावळेश्वरच्या टोलवर पैसे कापले की मेसेज पुण्यालाच जाणार. वरवड्याला दुसरा. तुम्ही कुठवर आलात ते त्याला ॲपशिवायही कळेल. ई-चलन आलं तर तेही त्याच्याच फोनवर, आणि तुम्हाला पत्ताच नाही. उद्या गाडी विकायची झाली, लोनचा बोजा उतरवायचा झाला, तर परिवहनच्या वेबसाइटवर ओटीपी त्याच्याकडूनच मागावा लागेल. तेव्हा फास्टॅग देणाऱ्या बँकेत, विमा कंपनीत आणि परिवहनच्या पोर्टलवर, तिन्ही ठिकाणी नंबर बदला. आरसीवरचा नंबर बदलणं जरा किचकट वाटेल, एखाद्या दुपारी नातवाला शेजारी बसवून करा.

आता कंपनी. शेजाऱ्यांची भीती हवेतली नाही, पण ती अमेरिकेची आहे. तिथं काय झालं ते सांगते, कारण व्हॉट्सॲपवर त्याची अर्धीमुर्धी गोष्ट फिरते.

जनरल मोटर्सच्या गाड्यांमध्ये ‘स्मार्ट ड्रायव्हर’ नावाची सोय होती. चांगलं कसं चालवावं ते शिकवणारी, असं सांगितलं जायचं. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं उघड केलं की जोरात ब्रेक, जास्त वेग, रात्री उशिराचं ड्रायव्हिंग, ही सगळी नोंद लेक्सिसनेक्सिस आणि व्हेरिस्क या लोकांची माहिती गोळा करून विकणाऱ्या कंपन्यांना जात होती आणि त्यांच्याकडून विमा कंपन्यांना. एका गाडीमालकानं स्वतःबद्दलचा अहवाल मागवला तर २५८ पानं हातात आली. सहा महिन्यांतल्या ६४० फेऱ्या, कधी निघाला, कधी पोचला, किती वेळा जोरात ब्रेक दाबला. त्याचा हप्ता २१ टक्क्यांनी वाढला होता. बातमीनंतर काही दिवसांतच कंपनीनं हा व्यवहार थांबवला. ग्राहकांचं हित बघणाऱ्या तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेनं जानेवारी २०२५ मध्ये जाहीर केलेल्या आदेशात अशा माहिती-कंपन्यांना डेटा देण्यावर पाच वर्षांची बंदी घातली. कमिशनच्या म्हणण्याप्रमाणे गाडीचं ठिकाण काही वेळा दर तीन सेकंदांनी टिपलं जात होतं. लोकांनी संमती दिली होती का? कागदावर होय. डिलिव्हरीच्या गडबडीत, तुमच्या मुलानं दिली तशी.

आपल्याकडे विम्याची रचना वेगळी आहे. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्यासाठीचा, हप्ता सरकार ठरवतं आणि तो इंजिनच्या सीसीवर असतो: हजारपर्यंत, हजार ते पंधराशे, पंधराशेच्या वर. तुम्ही १०५ नं चालवा नाहीतर ४० नं, तो तेवढाच. उरला ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा, भाग. त्यात तुमची सूट क्लेम न घेतल्याची, पहिल्या वर्षानंतर २० टक्के आणि चढत चढत ५० टक्क्यांपर्यंत. जुलै २०२२ मध्ये आयआरडीएआय या विम्याच्या सरकारी नियामकानं विमा कंपन्यांना ‘जितकं चालवाल तितकं भरा’ आणि ‘जसं चालवाल तसं भरा’ असे दोन प्रकार विकायची मुभा दिली. ते तुम्ही मागून घ्यायचे असतात. तेव्हा पुढच्या नूतनीकरणाला एजंटानं ‘काका, या ॲड-ऑननं हप्ता कमी होतो’ म्हटलं तर एकच विचारा: किलोमीटर मोजणार की माझं चालवणं मोजणार? महिन्यातून चार वेळा अक्कलकोट आणि एरवी भाजी आणायला सैफुलपर्यंत, अशा माणसाला किलोमीटरवाला प्रकार फायद्याचा ठरू शकतो, आणि तो बहुतेकदा मीटरच्या फोटोवर भागतो. चालवणं मोजणारा मात्र मी घेणार नाही. आपल्या रस्त्यांवर जोरात ब्रेक दाबणारा माणूस बेदरकार असतो असं नाही. अशोक चौकात रिक्षा मध्येच थांबली की कोणीही दाबेल.

माहिती विकली जाण्यापेक्षा मला जास्त धास्ती वाटते ती सांडण्याची. टोयोटानं मे २०२३ मध्ये कबूल केलं की जपानमधल्या सुमारे साडेएकवीस लाख ग्राहकांच्या गाड्यांची माहिती जवळजवळ दहा वर्षं उघड्यावर पडली होती. इंटरनेटवरच्या साठवणीची (क्लाउडची) एक सेटिंग चुकली होती, एवढंच कारण. डिसेंबर २०२४ मध्ये फोक्सवॅगन समूहाच्या सुमारे आठ लाख इलेक्ट्रिक गाड्यांचा डेटा असाच सापडला, त्यातल्या साडेचार लाखांहून जास्त गाड्या कुठं उभ्या असायच्या तेही त्यात होतं. टेस्लाच्या काही कर्मचाऱ्यांनी ग्राहकांच्या गाड्यांतल्या कॅमेऱ्यांची चित्रं आपापसात गंमत म्हणून फिरवल्याचं रॉयटर्सनं २०२३ मध्ये छापलं. या कोणी लहान, नवख्या कंपन्या नव्हेत. फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिला फाउंडेशननं त्याच वर्षी २५ गाडी-ब्रँडच्या प्रायव्हसी पॉलिसी तपासल्या आणि एकालाही पास केलं नाही. एका पॉलिसीत तर ग्राहकाच्या लैंगिक जीवनाची माहितीही आम्ही गोळा करू शकतो असं लिहिलेलं होतं. गाडीला ती कशी कळणार देव जाणे. वकिलानं कागदावर जागा शिल्लक ठेवली, दुसरं काय.

आपला कायदा या बाबतीत अजून वाटेत आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू व्हायच्या आहेत. तेव्हा तुमच्या हातात तीन-चार चांगली हत्यारं येतील. संमती मागणारी सूचना तुम्ही मराठीत मागू शकाल. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत ती द्यावी लागेल. संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज काढून घेता आली पाहिजे. काय काय साठवलंय ते विचारता येईल, पुसून टाकायला सांगता येईल. सुरक्षेत हयगय झाली तर कंपनीला २५० कोटींपर्यंत दंड. हे सगळं कंपनीविरुद्ध बरं का. घरगुती कारणासाठी एका माणसानं दुसऱ्याची माहिती वापरली तर तिथं हा कायदा लागत नाही, त्यामुळे मुलाच्या बाबतीत वर सांगितलं तसं गोडीनं बोलूनच काम भागवावं लागेल.

मे २०२७ ची वाट बघत बसायची गरज नाही. गाडीच्या स्क्रीनवर सेटिंगमध्ये जाऊन प्रायव्हसी, डेटा शेअरिंग, लोकेशन असं काही दिसतं का बघा. ड्रायव्हिंग स्कोअर असेल तर तो बंद करा, तुम्हाला कोणी शाळेत घालत नाहीये. ‘सेवा सुधारण्यासाठी’ आणि ‘भागीदारांच्या ऑफर्ससाठी’ अशा परवानग्या काढून टाका. काही गाड्यांमध्ये एका परवानगीला नकार दिला की सगळ्याच सेवा बंद होतात. तसं असेल तर ते लक्षात ठेवा, पैसे भरायची वेळ आली की कामाला येईल. आणि हो, फोन ब्लूटूथला जोडताना गाडी विचारते, कॉन्टॅक्ट आणि मेसेज घेऊ का. नाही म्हणा. तुम्ही कधीमधी पुण्याला जाताना बदली ड्रायव्हर घेत असाल तर त्यानं त्याचा फोन जोडला की त्याचे कॉन्टॅक्ट तुमच्या स्क्रीनवर राहतात, तेही उतरताना पुसायला सांगा. त्याला गाडी कुठं जाते ते नोंदलं जातं हेही सांगून ठेवा. त्यालाही कळायला हवं.

वायर कापू नका. गाडीच्या इलेक्ट्रिशियनकडे हे दहा मिनिटांचं काम वाटतं, पण ते यंत्र कुठल्या मॉडेलमध्ये माइकशी, कुठल्यात स्पीकरशी, कुठल्यात एसओएसच्या, म्हणजे संकटात मदत मागायच्या, बटणाशी जोडलेलं असतं. एक वायर कापली की फोनवर समोरच्याला तुमचा आवाज जाईना, डॅशबोर्डवर पिवळा दिवा, आणि मग त्या सर्किटमधल्या प्रत्येक बिघाडाला शोरूमवाले ‘बाहेर काम केलंय’ म्हणून वॉरंटी नाकारणार. वर्गणी भरली नाही म्हणून इंजिन-गिअरबॉक्सची वॉरंटी जात नाही. वायर कापली म्हणून वाद मात्र नक्की होतो. सेवा नकोच असेल तर लेखी अर्ज करून ती बंद करायला सांगा, ईमेलनं, म्हणजे तारीख राहते.

आता तुमचा भाड्याचा प्रश्न. भाडं सिमचं, त्याच्या नेटचं आणि सर्व्हरचं आहे, हे कंपनीचं उत्तर, आणि ते निम्मं खरं आहे. नेटवर्कला पैसे लागतात. पण दुसरं निम्मं असं की गाडी एकदा विकून जो नफा मिळतो त्यापेक्षा दर वर्षी थोडा थोडा मिळणारा पैसा सगळ्यांनाच हवासा वाटतो. बीएमडब्ल्यूनं २०२२ मध्ये काही देशांत सीट गरम करायची सोय महिन्याच्या वर्गणीवर ठेवली होती. हीटर सीटमध्ये बसवलेलाच, पैसे भरले की चालू. लोक इतके चिडले की पुढच्या वर्षी तो प्रकार सोडून द्यावा लागला. (सोलापुरात ही वर्गणी कोणी भरली नसती. मे महिन्यात तळपत्या पार्किंगमध्ये सीट गरम करायला कंपनी लागत नाही.) म्हणून मी दोन ढीग करते. नेट लागतं त्या गोष्टींचे पैसे मागितले तर समजू शकते. जे यंत्र गाडीतच आहे आणि नेटशिवाय चालतं, त्याचे दर वर्षी मागितले तर नाही.

तुमच्या गाडीत पहिल्या ढिगात काय येतं ते शोरूमकडून लेखी घ्या. साधारणपणे ब्लूटूथ, अँड्रॉइड ऑटो, मागचा कॅमेरा, सेन्सर, चावीचं लॉक, यांना सिम लागत नाही. तीन वर्षांनीही ती तशीच चालतात. नकाशा तर तुम्ही फोनवरचाच वापरत असणार. बंद पडतं ते लांबून एसी लावणं, ॲपमधलं लोकेशन, चोरीनंतरचा माग, नेटवरून ऐकणारा आवाजी मदतनीस, आणि पुष्कळ गाड्यांत एसओएसचं बटण.

यातलं मला खरंच उपयोगी वाटतं ते दोनच. एक, एसी. एप्रिल-मेमध्ये ४३ अंशांत होटगी रोडला उघड्यावर तास-दीड तास उभी राहिलेली गाडी लांबून थंड करता येणं याला मी चैन म्हणणार नाही, निदान तुमच्या वयाला नाही. दुसरं, चोरीनंतरचा माग. सौभाग्यवती मुलाच्या बाजूनं आहेत हे पत्रातून कळलं, आणि त्यांची काळजी रास्त आहे, पण एसओएसच्या बटणावर एकट्यावर भिस्त ठेवू नका. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात एका बाईची फोक्सवॅगन चोरांनी पळवली, आत तिचं दोन वर्षांचं मूल होतं. पोलिसांनी गाडीचं लोकेशन मागितलं तर सेवा देणाऱ्यानं सांगितलं, फुकटची मुदत संपली आहे, आधी १५० डॉलर भरा. मूल सुखरूप मिळालं, कंपनीनं नंतर चूक मान्य केली. पण मधल्या त्या वेळाचं काय? तेव्हा फोनमधली सोय लावून ठेवा. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर पॉवरचं बटण पाच वेळा दाबलं की आणीबाणीचा कॉल जातो. सेटिंगमध्ये तुमच्या मुलाचा नंबर घाला, इथं तो हवाच. कुठल्याही संकटात ११२, हायवेवर गाडी बंद पडली किंवा अपघात झाला तर १०३३. हे दोन्ही नंबर डॅशबोर्डच्या कप्प्यात कागदावर लिहून ठेवा, कारण फोन हातातून उडालेला असू शकतो.

तीन वर्षांनी पैसे भरायचे का, हे आत्ता ठरवू नका. दोन उन्हाळे जाऊ देत. किती वेळा ॲप उघडून एसी लावलात ते तुम्हालाच कळेल. भरायचे ठरलं तर एकाच वर्षाचे भरा. एकदम पाच वर्षांचा ‘सवलतीचा पॅक’ घेऊ नका, कारण गाडीचं आयुष्य आणि त्यातल्या सिमचं आयुष्य सारखं नसतं. आरसी पंधरा वर्षांची असते. अमेरिकेत फेब्रुवारी २०२२ मध्ये एटी अँड टीनं थ्रीजी बंद केलं आणि अनेक कंपन्यांच्या धडधाकट गाड्यांतल्या या सेवा एका रात्रीत गेल्या, कारण आतलं यंत्र फोरजीचं नव्हतं आणि बदलून देणं सगळ्यांना परवडलं नाही. आपल्याकडे ह्युंदाई व्हेन्यू आणि एमजी हेक्टर २०१९ मध्ये आल्या, तेव्हापासून सिम असलेली गाडी मध्यमवर्गाच्या दारात आली. म्हणजे फुकटची मुदत संपलेल्या गाड्या आता सोलापुरात पुष्कळ असतील. अशा दोघा-तिघांना विचारा, भरता का, आणि नाही भरत तर काय अडलं. शोरूमच्या माहितीपत्रकापेक्षा ते उत्तर खरं असेल.

ॲपमधून पैसे भरताना ‘ऑटो-रिन्यू’वर टिचकी आधीच मारलेली असते ती काढा. आपोआप कापायच्या रकमेची सूचना २४ तास आधी यावी लागते आणि तो आदेश कधीही रद्द करता येतो, हे रिझर्व्ह बँकेचं बंधन तुम्हाला मी सांगायला नको. फक्त ती सूचना तुमच्या नंबरवर यायला हवी. घेताना जे आयुष्यभर फुकट म्हणून सांगितलं होतं त्याचेच नंतर पैसे मागितले, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा, आणि तिथं भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. त्यासाठी माहितीपत्रक, कोटेशन आणि सेल्समनचे व्हॉट्सॲप मेसेज जपून ठेवा. तुमच्या बाबतीत ते मेसेजही मुलाच्या फोनवर असणार, तेव्हा खातं बदलायला तो सोलापूरला येईल तेव्हा ते फॉरवर्ड करून घ्या.

कधी गाडी विकलीत तर फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून चावी देण्याआधी ॲपमधून गाडी काढा, स्क्रीनमधले जोडलेले फोन पुसा आणि फॅक्टरी रीसेट मारा. स्क्रीनवर तुमच्या घरचा पत्ता ‘होम’ म्हणून राहिलेला असतो, आणि गाडीच्या कप्प्यात कधी कधी गेटचा रिमोटही.